तेल तापेपर्यंत

चाचांनी तेलाचं झाकण काढलं, आतल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटावर लोण्यासारखं काहीतरी होतं. रंग दुधाळ, चहाकडे झुकलेला.

"सर, शाळा किती लांब हाय तुमची?"

"साडेतीन किलोमीटर."

"आनि मधी कुठं जाता?"

"कुठं नाही. घर ते शाळा, शाळा ते घर."

चाचांनी बोट चिंधीला पुसलं. "मग तेल कधी तापतंय?"

२००८ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट. १९९३ सालची बुलेट मी आदल्या वर्षी एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली होती. घेताना डोक्यात लांबचे रस्ते होते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात जायचं, आंबा घाटातून रत्नागिरी गाठायची, आंबोलीमार्गे गोवा करायचा. ते सगळं सुट्टीत व्हायचं होतं. एरवी गाडी कोल्हापुरात शुक्रवार पेठेतून राजारामपुरीत शाळेला आणि शाळेतून घरी, एवढीच चालायची. मला वाटायचं, मी गाडी जपतोय. वर्षभरात इंजिनातून ठक ठक असा आवाज यायला लागला आणि मी ती उद्यमनगरात चाचांच्या गॅरेजात नेली. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा खालचा बुश गेला होता. चाचा म्हणाले, "गाडी चालवून न्हाई गेली ही. अर्धवट चालवून गेली."

त्या 'अर्धवट' शब्दाचा अर्थ कळायला मला इंजिन उघडलेलं बघावं लागलं. पेट्रोल जळतं तेव्हा पाण्याची वाफही तयार होते. बरीचशी सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत, उतरते. इंजिन गरम असेल तर ती ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडते. गार असेल तर धातूला लागून तिचं पाणी होतं आणि ते तेलात मिसळतं. तेल आणि पाणी क्रँकच्या फिरण्याने घुसळलं जातं, ताक घुसळावं तसं, आणि झाकणाखाली तो लोण्याचा थर धरतो. असं तेल बेअरिंगला धड वंगण देत नाही, वर धातू गंजवतं. बिडाच्या जुन्या बुलेटचं इंजिन जड. ते तापायला वेळ घेतं. साडेतीन किलोमीटरच्या प्रवासात सिलिंडरच्या पट्ट्यांना हात लावला तर चटका बसतो, म्हणून आपण समजतो की इंजिन तापलं. खाली तेल मात्र कोमटच असतं. मी रोज दोनदा त्या इंजिनात पाणी भरत होतो आणि ते बाहेर जाऊ देत नव्हतो.

बुश बसवला, बोअर केला, पिस्टन बदलला. गाडी ताब्यात देताना चाचांनी एकच अट घातली. "रोज एकदा तरी तेल तापू दे. कुठं बी जावा, पन तापू दे."

तेव्हापासून मी शाळेला लांबून जातो.

घरातून निघायचं आणि राजारामपुरीच्या उलट दिशेला, शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची. वडणगे फाटा मागे टाकून पन्हाळ्याच्या रस्त्याने केर्लीच्या अलीकडपर्यंत जायचं आणि तिथून वळून गावात यायचं. सगळं मिळून अठरा-एकोणीस किलोमीटर होतात. शाळा पावणेअकराची, मी साडेनऊला घर सोडतो. घरात आधी याला वेड म्हटलं गेलं, मग सवय झाली, आणि आता मी सरळ शाळेला निघालो तर हिचाच प्रश्न असतो, "बरं वाटत नाही का?"

पेट्रोलचा हिशेब मीही केला आहे. रोज साधारण अर्धा लिटर. हे थोडं नाही आणि माझ्या पगारात ते जाणवतं. पण २००८ नंतर ते इंजिन खालून एकदाही उघडावं लागलेलं नाही, हेही माझ्या वहीत लिहिलेलं आहे. संध्याकाळी मी सरळ घरी येतो. त्या छोट्या फेरीत साठलेला ओलावा दुसऱ्या दिवशी सकाळी निघून जातो.

या रस्त्याने मला ऐकायला शिकवलं. शिवाजी पुलावर कठड्यावरून आवाज परत आपल्याकडे येतो. मोकळ्या रस्त्यावर फक्त सायलेन्सर ऐकू येतो, पुलावर मात्र टॅपेटची (व्हॉल्व उघडणाऱ्या भागाची) टिकटिक, चेनची सळसळ, प्रायमरीतला (इंजिन ते क्लच साखळीच्या पेटीतला) खुळखुळ सगळं सुटं सुटं कानावर पडतं. जुना ब्रिटिशकालीन दगडी पूल होता तेव्हा हे फार स्पष्ट कळायचं. शेजारी नवा झाला त्यावर थोडं कमी कळतं, पण कळतं. रोज त्याच वेळी, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने गेलं की कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते लगेच लक्षात येतं. एकदा टिकटिक वाढली म्हणून शाळेतून परत आल्यावर टॅपेटचं झाकण काढून बघितलं, तर पुशरॉडचा नट ढिला झालेला. नवीन नजरेने बघणाऱ्याला तो आवाज आवाजच वाटला नसता. मला तो फक्त कालच्यापेक्षा वेगळा होता.

टॅपेट लावणं हे या गाडीवरचं माझं सगळ्यात आवडतं काम. इंजिन पूर्ण गार असताना करायचं. पिस्टन वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व बंद असतील असा, आणि पुशरॉड चिमटीत धरून फिरवून बघायचा. तो बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फिलर गेज नको की मीटर नको. माझ्या आईला पुरणाची डाळ शिजली की नाही हे एक दाणा चिमटीत दाबून कळायचं, तसंच हे.

पॉइंटला, म्हणजे वेळेवर ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्ट ब्रेकरला, मात्र गेज लागतो. त्याची फट साधारण ०.३८ मिलिमीटर ठेवायची. चाचा तिला इंची हिशेबात नुसतं 'पंधरा' म्हणतात, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडायला लागते, आणि गाडी चढावर जीव टाकते. फट नेमकी कधी उघडते हे बघायला चाचा सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद दोन पॉइंटच्या मधे धरतात आणि इंजिन हळूहळू फिरवतात. कागद ज्या क्षणी सुटतो तो क्षण. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा अर्धा तास लागला. आता पाच मिनिटांत होतं. दर हजार-बाराशे किलोमीटरला एखाद्या रविवारी सकाळी हे काम असतं, आणि ते आवरेपर्यंत मी फोन घरातच ठेवतो.

या गाडीचा इतिहास थोडा सांगायलाच हवा. बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. आपल्या लष्कराला सीमेवर गस्त घालायला दणकट मोटारसायकल हवी होती. त्यातून १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला तिचा कारखाना सुरू झाला. इंग्लंडमधली कंपनी पुढे १९७० च्या सुमारास बंद पडली, आपल्याकडे मात्र तीच गाडी बनत राहिली. ३४६ सीसीचं एकच सिलिंडर, ७० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव). बिडाचं हे इंजिन २०१० च्या आसपास बंद होईपर्यंत त्याचा मूळ आराखडा फारसा हलला नाही. म्हणूनच १९९३ च्या गाडीचा भाग मागितला तर दुकानदार कपाळाला आठ्या घालत नाही. आणि म्हणूनच एका मिस्त्रीने वयाच्या पंधराव्या वर्षी शिकलेलं काम सत्तराव्या वर्षीही जसंच्या तसं उपयोगी पडतं. आजच्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल?

स्ट्रोक बोअरपेक्षा लांब असल्यामुळे हे इंजिन घाई करत नाही. कमी फेऱ्यांत ओढतं. कोल्हापूरच्या माणसाला हा आवाज परका वाटत नाही याचं एक कारण मला फार दिवसांनी सापडलं. हे ऑइल इंजिनांचं गाव. विहिरीवर पाणी उपसणारी, गुऱ्हाळात चरक फिरवणारी ती एका सिलिंडरची इंजिनं इथे बनली, इथे दुरुस्त झाली. उद्यमनगरात आजही बोअर करणारा, बुश वळून देणारा, क्रँक सरळ करणारा माणूस एका हाकेवर भेटतो. माझ्या सिलिंडरला 'चाळीस' झाले आहेत, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे थाऊ (इंचाचे हजारांश) मोठा बोअर. ते काम ज्या मशीनवर झालं त्यावर त्या आठवड्यात शेतीपंपाचं एक सिलिंडरही चढलं होतं. दोन्ही लेदवर शेजारी शेजारी ठेवलेले बघून मला माझ्या गाडीबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटला. ती मला इथलीच वाटायला लागली.

आता पुराबद्दल.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आमच्या भागाला हे आकडे पाठ असतात. पण त्या वर्षी पाणी ज्या वेगाने चढलं त्याने सगळ्यांचाच अंदाज चुकला. आईला आणि मुलीला मंगळवार पेठेत मेहुण्यांकडे पोचवून मी परत आलो तोवर गल्लीत कमरेएवढं पाणी. गाडी तळमजल्यावर होती. तिच्यापर्यंत पोचता आलं नाही. पुढचे कितीतरी दिवस ती पाण्याखाली उभी होती, टाकीपर्यंत बुडून.

पाणी ओसरलं तसा मी आधी घर बघितलं. भांडी, धान्य, मुलीची पुस्तकं. गाडीकडे बघायची हिंमत झाली नाही. मग चाचांचा फोन आला. त्यांच्या भागातही लाइट नव्हती, तरी त्यांनी कुठून तरी फोन केला होता. "सर, किक मारू नका. चावी बी लावू नका. बॅटरी सोडवून ठेवा. मी येतो."

किक का मारायची नाही हे त्यांनी नंतर सांगितलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना त्याला अडतो आणि रॉड वाकतो. त्या आठवड्यात कित्येकांनी घाईघाईने गाड्या सुरू करून बघितल्या आणि इंजिनं कायमची घालवली.

चाचा तीन दिवसांनी आले, चिखलातून सायकल ढकलत. आम्ही अंगणात गाडी तिरकी केली आणि तेलाचा खालचा बोल्ट सोडला. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आधी नुसतं पाणी आलं, गढूळ पंचगंगेचं. ते कितीतरी वेळ येत राहिलं. मग राखाडी झालेलं तेल आलं. प्लग काढून हळूहळू इंजिन फिरवलं तर प्लगच्या भोकातून चिखलाची पिचकारी उडाली. डिझेल आणि स्वस्त तेल मिसळून तीनदा इंजिन धुतलं. सायलेन्सर उतरवून ओतला, त्यातून गाळाची घमेलीभर वाळू निघाली. कार्बोरेटर सुटा केला. ब्रेकचे ड्रम उघडले तर शूजवर चिकणमाती वाळून विटेसारखी झालेली. चाकांची बेअरिंगं, हँडलचे गोळे, क्लचच्या प्लेटा, सगळं काढून धुऊन नवीन ग्रीस भरलं. प्रायमरीत अल्टरनेटर असतो, तो वाचेल की नाही याची चाचांना खात्री नव्हती. त्यांनी तो उन्हात ठेवला. त्या वर्षी ऊनही कंजूस होतं, म्हणून आमच्या चुलीशेजारी दोन दिवस तो एका ताटात ठेवलेला होता.

माझी मुलगी तेव्हा तेराची होती. शाळा बंद होत्या. ती रोज बाहेर येऊन बसायची आणि चाचा जो भाग काढतील तो घासून एका फाटक्या चादरीवर क्रमाने मांडायची. तिची स्वतःची वही आणि पुस्तकं त्याच अंगणात पलीकडे वाळत होती.

अकराव्या दिवशी नवीन बॅटरी लावली, नवीन पेट्रोल घातलं. चाचांनी किक माझ्याकडे दिली. बुलेटला किक मारायची एक रीत आहे. चावी लावली की अ‍ॅमीटरचा काटा उणे बाजूला, म्हणजे वीज खर्च होत असल्याच्या बाजूला, झुकतो, कारण पॉइंट मिटलेले असतात. किक हळूहळू दाबत जायची. एका जागी पाय अडतो आणि काटा मधोमध येतो. पिस्टन वर आला. मग डाव्या हाताने डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक जेमतेम थोडी पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण, शेवटपर्यंत. मी तसं केलं. चौथ्या किकला ती सुरू झाली. आधी पांढरा धूर, मग तो निवळला आणि ठेका लागला. गल्लीतली माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली. सगळ्यांचंच काही ना काही गेलेलं होतं, आणि तो आवाज ऐकून समोरच्या आजी डोळे पुसायला लागल्या. मी तो क्षण विसरणार नाही.

२०२१ ला पुन्हा पूर आला. त्या वेळी पातळी ३९ झाल्याचं कळताच मी गाडी मंगळवार पेठेत नेऊन ठेवली. माझ्या वहीत त्या पानावर लाल पेनने लिहिलं आहे: '३९ ला गाडी हलवणे.'

वहीत बाकीही बरंच आहे. तेल कधी बदललं, कोणतं सील गळायला लागलं, कोणत्या तारखेला पेट्रोलची नळी कडक वाटली. ही शेवटची नोंद अलीकडची आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. १९९३ ची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. मी नळी आणि टाकीच्या कॉकचे वायसर बदलून घेतले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवत नाही, आणि अधूनमधून कार्बोरेटरची वाटी उघडून तळाला पाणी साचलंय का ते बघतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं पातळ होतं म्हणून चाचांनी पेट्रोल सोडणारा जेट एक घर मोठा टाकला. त्यासाठी कुणाला बोल लावावा असं मला वाटत नाही. रोज सकाळी ज्या रस्त्याने जातो त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड आहेत. गळिताच्या हंगामात त्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या असतात, वाटेत कांड्या सांडत. याच पिकाच्या मळीतून आणि रसातून हे इथेनॉल निघतं. माझ्या डोळ्यांसमोर उगवतं ते माझ्या टाकीत येतं, आणि गाडीने ते सोसायला शिकावं यासाठी चार रबरं बदलावी लागली, एवढंच.

कागदपत्रांचंही सांगतो, कारण जुनी गाडी रोज वापरायची तर हे चुकत नाही. पहिली पंधरा वर्षं संपली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. माझं २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ ला झालं. गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, पीयूसी जवळ ठेवायचं. आता नवीन नंबरप्लेटही लावून घेतली.

आणि हो, लांबचे रस्ते. ते झाले. करूळ उतरलो, आंबोलीच्या धुक्यात थांबलो, हंपीला जाऊन आलो. साठ-सत्तरच्या वेगाला ही गाडी दिवसभर तक्रार न करता चालते. पण लोक जेव्हा विचारतात, एवढ्या जुन्या गाडीवर एवढ्या लांब जायची भीती नाही वाटत का, तेव्हा मला सांगावंसं वाटतं की ती रोज केर्लीला जाते. हंपीला निघाली तेव्हा तिच्यात मला माहीत नसलेला एकही आवाज नव्हता. आमच्या ओळखीत एकांची बुलेट आहे, माझ्यापेक्षा सुंदर, क्रोम आरशासारखं. ती आच्छादनाखाली असते, दसऱ्याला निघते. उभ्या बुलेटमध्ये इंजिनाच्या तेलाच्या कप्प्यातलं तेल हळूहळू क्रँकच्या बाजूला उतरतं, बॅटरी मरते, वाटीतलं पेट्रोल उडून जेट चिकटतात. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती टेम्पोत घालून चाचांकडे येते. मला त्या गाडीची खरोखर कणव येते.

चाचांना आता कमी ऐकू येतं. गेल्या वर्षी त्यांनी गॅरेज मुलावर सोपवलं, पण सकाळी येऊन स्टुलावर बसतात. पूर्वी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते आतलं ऐकायचे. आता टाकीवर तळवा ठेवतात, डोळे मिटतात.

मागच्या महिन्यात तेल बदलून घेतलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "चाचा, ज्या रस्त्यावर तेल तापवतो तो तुम्ही कधी बघितलाच नाही. चला की."

"आता? ह्या वयात?"

"मागं बसायचं फक्त."

ते उठले, टोपी सारखी केली आणि मुलाच्या खांद्याला धरून मागे बसले. आम्ही पूल ओलांडला. त्यांना कठड्यावरचा आवाज ऐकू आला की नाही मला माहीत नाही, पण पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून सीटच्या कडेला, लोखंडावर ठेवला. दोन्ही बाजूंना ऊस पुरुषभर वाढलेला. एका गुऱ्हाळातून काकवीचा वास येत होता. केर्लीच्या अलीकडे, जिथे मी रोज वळतो, तिथे गाडी थांबवली. चाचा उतरले, हळूहळू वाकले आणि इंजिनाच्या उजव्या बाजूच्या झाकणावर त्यांनी तळवा टेकवला. त्यांची जुनी परीक्षा. पाच मोजेपर्यंत हात टिकला तर तेल अजून तापलं नाही.

"एक," ते म्हणाले. "दोन."

तीनला त्यांनी हात उचलला आणि तळवा शर्टाला पुसला.

"चला सर, शाळा भरंल."